बिनइंजिनाची विमाने आणि आल्प्सचे वारे



या व्याख्यानमालेत राज्यांचे, लढायांचे, संतांचे इतिहास आपण पुष्कळ ऐकले आहेत. आज आम्ही एका खेळाचा इतिहास सांगणार आहोत. खेळाला कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण या खेळात एका महायुद्धाचा तह आहे, दुसऱ्या महायुद्धाची तयारी आहे, आणि आल्प्स पर्वतात 1948 साली गेलेले दोन माणसांचे प्राण आहेत. तेव्हा तो निव्वळ करमणुकीचा विषय नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पुण्याच्या मंडळींना ते नवे नाही. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावरून उडणारी लांब पंखांची विमाने अनेकांनी पाहिली असतील. इंजिन नाही, तर ते वर राहते कसे? खरे म्हणजे ते सतत खालीच येत असते. पण उताराच्या रस्त्यावर सायकल सोडून द्यावी तसे ते पुढे सरकत सरकत खाली येते. 1948 साली ज्या 'वाइहे' नावाच्या ग्लायडरने जागतिक स्पर्धा जिंकली, ते एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे 29 मीटर पुढे जात असे. म्हणजे हजार मीटर उंचीवरून सोडले तर, हवा स्तब्ध असल्यास, 29 किलोमीटरवर जमिनीला टेकणार. आजची चांगली ग्लायडरे याच्या दुप्पट जातात.

पण हवा स्तब्ध कधीच नसते, आणि या खेळाचे सगळे मर्म त्यातच आहे. हवा ज्या वेगाने वर चढते तो वेग ग्लायडरच्या उतरण्याच्या वेगापेक्षा अधिक असला की विमान वर जाते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जे गेले असतील त्यांनी हा प्रयोग केलाच असेल. पावसाळी वाऱ्यात कड्यावरून हलकी वस्तू खाली टाकावी, तर वारा ती पुन्हा वर आणून देतो. कोकणातून आलेल्या वाऱ्याला पुढे भिंत लागते, मग त्याने वर चढल्यावाचून करायचे काय? घाटाच्या कडेवर पंख न हलवता तासन् तास तरंगणारी घार याच वाऱ्यावर जगते. दुसरा प्रकार उन्हाचा. तापलेल्या शेतावरून, खडकावरून गरम हवेचे लोट उठतात. गिधाडे घिरट्या घालीत चढतात ती या लोटांत. तिसरा प्रकार माणसाला फार उशिरा उमगला. त्याविषयी पुढे सांगतो.

ऑटो लिलिएन्थाल या जर्मन गृहस्थाने 1891 पासून टेकडीवरून पंख बांधून उड्या घेतल्या आणि 1896 साली तो पडून मेला, ही कथा शाळेच्या पुस्तकातूनही आढळते. पुढे इंजिनाची विमाने आली आणि बिनइंजिनाच्या उड्डाणाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. ते लक्ष पुन्हा वेधले गेले, ते एका तहामुळे. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने पराभूत जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्याची बंदी झाली आणि इंजिनाच्या विमानांच्या बांधणीवरही कडक बंधने आली. इंजिन नसलेल्या विमानाचा विचार तह करणाऱ्यांच्या मनातही आला नसावा. ओस्कार उर्सिनुस नावाच्या एका विमानविषयक मासिकाच्या संपादकाने 1920 साली मध्य जर्मनीतील ऱ्हॉन डोंगररांगेत वासरकुप्पे या सुमारे 950 मीटर उंचीच्या बोडक्या टेकडीवर स्पर्धा भरवली. विद्यार्थी, सुतार, युद्धातून परतलेले बेकार वैमानिक आपापली घरगुती विमाने घेऊन जमले. त्या पहिल्याच वर्षी एकजण मेला. दोन-अडीच मिनिटांचे उड्डाण म्हणजे तेव्हा पराक्रम होता. पण 1922 साली हानोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले 'व्हँपायर' प्रथम एक तास आणि मग थोड्याच दिवसांत तीन तास हवेत राहिले. एक दार बंद केले की माणसे खिडकी शोधतात. पराभूताला अपमानित करणाऱ्या तहांचा पुढे असाच काही तरी परिणाम होतो, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या काळी ग्लायडर हवेत सोडण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. विमानाच्या नाकाला जाड रबरी दोर अडकवायचा. दोराची दोन टोके धरून तीन-तीन, चार-चार माणसे उताराकडे तोंड करून उभी राहायची. शेपटी धरून मागे आणखी दोघे-तिघे. मग हुकूम सुटायचे, "ओढा! पळा! सोडा!" गलोलीतून खडा सुटावा तसे विमान सुटे. एकजण आकाशात जाई, उरलेले धापा टाकीत उतारावर उभे असत, आणि विमान खाली उतरले की तेच लोक ते पुन्हा टेकडीवर चढवीत. वर्तमानपत्रांत छायाचित्र येई ते उडणाऱ्याचे. आम्हां चळवळीतल्या माणसांची नजर मात्र दोर ओढणाऱ्यांकडे आधी जाते, त्याला आमचा इलाज नाही.

या दोर ओढणाऱ्यांतही आपली संघटना करणारे लोक निघाले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 1929 साली जर्मनीत 'श्टुर्मफोगेल' म्हणजे 'वादळपक्षी' या नावाचा कष्टकऱ्यांचा उड्डाणसंघ स्थापन झाला. विमान हे सरदार-जमीनदारांचे आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचेच का असावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ग्लायडरला पैसा कमी आणि हातचे काम अधिक लागते. फळ्या तासा, सरस लावा, कापड ताणा, रोगण द्या. हे काम कारागिराला करता येत होते. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि हा संघ बुडाला. सगळे उड्डाणसंघ एका सरकारी छत्राखाली घेण्यात आले, आणि 1937 पर्यंत ग्लायडिंगची सूत्रे नाझी पक्षाच्या एका दलाच्या हाती गेली. पोरांना टेकडीवर उडायला शिकवायचे आणि पुढे विमानदलात भरती करायचे, हा हिशेब उघड होता.

याच वर्षांत रोबेर्ट क्रोनफेल्ट हे नाव जर्मन ग्लायडिंगच्या पटावरून नाहीसे झाले. हा ऑस्ट्रियाचा तरुण. 1929 साली त्याने ग्लायडरने शंभर किलोमीटरचा पल्ला प्रथम ओलांडला, आणि 1931 साली इंग्लिश खाडी एका दिवसात जाऊन येऊन पार केली. हवा वर चढते आहे की खाली उतरते आहे हे दाखवणारे नाजूक उपकरण ग्लायडरमध्ये नेऊन त्याचा उपयोग करणारा तो पहिल्यांपैकी एक. पण तो ज्यू होता. वासरकुप्पेवर ज्याच्या नावाचा जयघोष झाला, त्याला 1933 नंतर तेथे जागा उरली नाही. तो इंग्लंडला गेला, तेथला नागरिक झाला, तेथल्या विमानदलात त्याने काम केले. 1948 च्या फेब्रुवारीत एका बिनशेपटीच्या प्रायोगिक ग्लायडरची चाचणी घेताना तो मृत्यू पावला. ज्या सामेदानच्या स्पर्धेविषयी आम्ही बोलणार आहोत ती त्यानंतर पाच महिन्यांनी झाली.

आता डोंगरांकडे वळू. ऱ्हॉनच्या टेकड्या म्हणजे आपल्या पर्वतीच्या मोठ्या बहिणी. आल्प्स ही निराळी चीज आहे. तेथे चार हजार मीटरवरची शिखरे, हिमनद्या, अरुंद खोरी. इंजिन बंद पडले तर उतरायला जागा कोठे, ही चिंता इंजिनाच्या वैमानिकाला असते. ग्लायडरवाल्याचे इंजिन तर आधीपासूनच बंद! तरीही माणसे तेथे गेली. 1935 साली स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोख या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या खिंडीतून, हिमनदीच्या माथ्यावरून, ग्लायडरे सोडण्यात आली. 1937 च्या मे महिन्यात साल्झबुर्ग येथे जमलेल्या वैमानिकांपैकी काहींनी आल्प्स ओलांडून इटलीत विमाने उतरवली. त्यांत हाना राइट्श ही स्त्री होती. त्याच वर्षी जुलैत वासरकुप्पेवर पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती हाइनी डिटमार या जर्मन वैमानिकाने जिंकली.

मघाशी तिसऱ्या प्रकारच्या वाऱ्याचा उल्लेख केला तो असा. नदीच्या पात्रात मोठा धोंडा असला की पाणी त्यावरून उडी घेते आणि पलीकडे एका जागी उभ्या लाटा करते. जोराचा वारा पर्वतरांग ओलांडतो तेव्हा पलीकडच्या बाजूला हवेचे तेच होते. पाणी वाहून जाते पण लाट जागच्या जागी राहते, तसा वारा पुढे जातो आणि त्या लाटेवर मसुराच्या दाण्यासारखा गुळगुळीत ढग तासन् तास तेथेच उभा दिसतो. जर्मनीच्या त्या वेळच्या पूर्व भागात ऱ्हीझनगेबिर्ग डोंगराजवळ असा एक ढग नेहमी दिसे. गावकऱ्यांनी त्याला आपल्यातल्याच एका शेतकऱ्याचे नाव बोलीत ठेवले होते, 'मोआत्सागोटल'. 1933 साली वोल्फ हिर्ट व इतरांनी या लाटेत शिरून पाहिले, आणि विमान कोणताही धक्का न बसता वर वर जाऊ लागले. हवामानखात्याच्या विद्वानांआधी त्या ढगाची ओळख तिथल्या नांगरधऱ्याला होती, हे आम्हांला नमूद करावेसे वाटते. या लाटांच्या आधाराने 2 सप्टेंबर 2018 रोजी अर्जेंटिनात आंदीज पर्वतावर एक ग्लायडर 76,000 फुटांच्या वर गेले. प्रवासी विमाने त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक उंची गाठतात.

लाटेची मौज सांगितली, तिच्या पायथ्याचा धोकाही सांगितला पाहिजे. वाऱ्याच्या तोंडाची बाजू तारते, पाठीची बाजू मारते. रांगेच्या पाठीमागे हवा खाली कोसळत असते, आणि लाटेखाली भोवरे असतात. तेथे सापडलेले ग्लायडर मिनिटभरात शेकडो मीटर खाली येते. त्यात समोर दुसरी डोंगरकड असली, तर ती ओलांडण्याइतकी उंची उरत नाही.

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचे प्रात्यक्षिक झाले आणि 1940 च्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान द्यावे असे ठरले. सर्वांना सारखे विमान मिळावे म्हणून 1939 च्या फेब्रुवारीत इटलीतील सेत्से येथे नमुने तपासण्यात आले आणि हान्स याकोब्स या जर्मन रचनाकाराचे 'माइझे' हे पंधरा मीटर पंखांचे विमान निवडले गेले. त्याचेच नाव पुढे 'ऑलिंपिया' पडले. ते ऑलिंपिक झालेच नाही. सप्टेंबरात युद्ध पेटले. आणि 10 मे 1940 रोजी पहाटे बेल्जियमच्या एबेन-एमाएल या अजिंक्य मानल्या गेलेल्या किल्ल्याच्या माथ्यावर नऊ जर्मन ग्लायडरे आवाज न करता उतरली. त्यांतून उतरलेल्या सैनिकांची संख्या शंभरही नव्हती. हजाराहून अधिक शिबंदीच्या त्या किल्ल्याने दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. त्या सैनिकी ग्लायडरचा रचनाकार कोण? तोच हान्स याकोब्स. ऑलिंपिकचे विमानही त्याच्याच कागदावरचे आणि किल्ला घेणारेही त्याच्याच. कारागिराच्या हाताला मालक कोण मिळतो यावर किती अवलंबून असते!

युद्ध संपले. जर्मनीत दोस्त राष्ट्रांनी आता ग्लायडिंगवरही बंदी घातली. 1919 ची चूक पुन्हा करायची नाही, असा निश्चय त्यामागे असावा. ही बंदी 1951 पर्यंत टिकली. अशा वेळी, 1948 च्या जुलै महिन्यात, स्वित्झर्लंडमधील सामेदान येथे जागतिक ग्लायडिंग स्पर्धा भरली. वासरकुप्पेनंतरची ही दुसरी. जर्मन वैमानिक तेथे नव्हते, जर्मन विमाने मात्र होती. स्पर्धा जिंकली ती स्वीडनच्या पेर-आक्सेल पेर्सन यांनी, आणि त्यांचे विमान होते याकोब्सचेच 'वाइहे'. या जर्मन शब्दाचा अर्थ भोवत्या जातीचा शिकारी पक्षी. माणसांना बंदी करता येते, पण चांगल्या आराखड्याला सीमेवर कोणी अडवू शकत नाही.

सामेदान हे एंगादीन खोऱ्यात, इन नदीच्या काठी, 1,700 मीटर उंचीवर आहे. शेजारी सेंट मोरित्स. त्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिक तेथेच झाले होते. दक्षिणेला 4,049 मीटरचे बेर्निना शिखर. या खोऱ्याच्या वाऱ्याची एक गंमत आहे. डोंगरी मुलुखात सामान्यतः दिवसा वारा खोऱ्यातून वरच्या दिशेने वाहतो, कारण उन्हाने चढण तापते आणि खालची हवा वर ओढली जाते. वरच्या एंगादीनात उलटे घडते. खोऱ्याच्या माथ्याशी मालोया खिंड आहे. तिच्या पलीकडे इटलीच्या बाजूला खोल उताराचे दुसरे खोरे आहे. तिकडची तापलेली हवा खिंडीवरून ओसंडून इकडे शिरते आणि दुपारी खोऱ्यातून खाली वाहत जाते. याला मालोयाचा वारा म्हणतात. दुसऱ्या मुलुखात उडायला शिकलेला वैमानिक येथे आला की त्याचे पाठ केलेले धडे उलटे ठरतात. जेथे चढती हवा असावी असे शास्त्र सांगते तेथे नसते, आणि नसावी तेथे सापडते.

डोंगरावरची शर्यत कशी होते याची थोडी कल्पना द्यावयास हवी. कोणी किती लांब गेला, ठरलेल्या जागी कोण लवकर पोहोचला, कोण किती उंच चढला, असे रोजचे गुण असत. वैमानिक एकटा, मांडीवर नकाशा, पायांत थंडी. चार हजार मीटरच्या वर गेला की हवा विरळ होते आणि प्राणवायूची नळी नसेल तर बुद्धी मंदावते. मंदावली आहे हे कळण्याची बुद्धीही तीच असते. डोंगराच्या पोटाशी चिकटून, कधी पंखाचे टोक आणि खडक यांत थोडेच अंतर ठेवून जावे लागते, कारण चढता वारा भिंतीलगतच असतो. दूर राहिलात तर सुरक्षित आहात, पण खाली येता. जवळ गेलात तर वर जाता, पण चूक करायला जागा नाही. उतरायची वेळ आली तर एखादे तिरपे कुरण शोधायचे. मग खाली जोडीदार मोटारीला लांब गाडा जोडून, टेलिफोनची वाट पाहत बसलेले असतात. त्यांनी खिंडीमागून खिंडी ओलांडून जायचे, पंख सुटे करून विमान गाड्यावर घालायचे आणि रात्रभर प्रवास करून सकाळी ते पुन्हा उभे करायचे. ही माणसे निकालपत्रात कोठेच नसतात.

या स्पर्धेत दोन ब्रिटिश वैमानिक मरण पावले. एक क्रिस्तोफर निकल्सन, ज्यांना सगळे किट म्हणत. हे वास्तुशिल्पी, वय 43, चित्रकार विल्यम निकल्सन यांचे पुत्र. त्यांचे विमान डोंगरात कोसळले. दुसरे डॉनल्ड ग्रेग. त्यांचे विमान डोंगरात ताणलेल्या एका तारेवर आदळले.

या तारेपाशी आम्ही थांबणार आहोत. कारखान्यातील अपघातांच्या चौकशीत आम्ही बरीच वर्षे बसलो आहोत. तेथे पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, "कामगाराचे लक्ष कोठे होते?" एका गिरणीत उघड्या पट्ट्यात हात सापडून एका जॉबरचा हात गेला, तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता. पट्ट्यावर जाळी का नव्हती, हा प्रश्न आम्ही विचारीपर्यंत कोणाच्या कागदावर नव्हता. ग्रेग यांच्या बाबतीत कोणी म्हणेल की वैमानिकाने पाहून उडावे. पण बोटाएवढ्या जाडीची पोलादी तार, मागे काळी झाडी, आणि विमानाचा वेग सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून अधिक. ती दिसेल तेव्हा वळायला वेळ कोठे असतो? डोळ्याने तारेचा खांब दिसतो, तार दिसत नाही, असे डोंगरात उडणारे सांगतात.

मग तार ताणणाऱ्याचा दोष म्हणावा काय? तोही आम्हांला पटत नाही. आल्प्समध्ये उंच कुरणावरचे गवताचे भारे आणि रानातले लाकूड खाली आणण्यासाठी शेतकरी व लाकूडतोडे अशा तारा ताणतात. पाठीवर भारा घेऊन कड्यावरून उतरण्यात किती जणांच्या कमरा मोडल्या असतील, त्यावर हा उपाय. त्याने आपले पोट पाहिले. आकाशातून कोणी येईल हे त्याच्या हिशेबात असण्याचे कारण नव्हते. गावातल्या प्रत्येक पोराला ती तार ठाऊक असते, आणि परदेशातून आलेल्या पाहुण्याला तेवढीच ठाऊक नसते. गावाचे ज्ञान आणि पाहुण्याचा नकाशा यांची गाठ घालून देणे हे ना गावकऱ्याचे काम, ना पाहुण्याचे. ते शर्यत भरवणाऱ्याचे काम. कोठलीही शर्यत असो, मग ती आकाशातली असो की मालाच्या उत्पादनाची, जो शर्यत लावतो त्याने वाटेतली तार आधी शोधली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्या माणसाला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क उरत नाही, हा युक्तिवाद आम्ही मालकांच्या वकिलांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. तो खेळाच्या मैदानावरही आम्हांला मान्य नाही.

काहींचे म्हणणे पडते की धोका काढून घेतला तर या खेळात राहिले काय? आम्हांला हे म्हणणे अर्धेच खरे वाटते. वारा वाचण्यात, ढग ओळखण्यात, परतायचे कधी हे ठरवण्यात जो धोका आहे, तो खेळाडूच्या कौशल्याशी बांधलेला आहे. तो काढा म्हणून कोणी म्हणत नाही. न दिसणाऱ्या तारेत कौशल्याचा प्रश्नच येत नाही. तेथे पेर्सन आला असता तरी तेच झाले असते.

पुढे 1950 साली स्वीडनमध्ये एरेब्रू येथे, 1952 साली माद्रिद येथे स्पर्धा झाल्या. माद्रिदला ब्रिटनचे फिलिप विल्स जिंकले. सामेदानला मृत्यू पाहिलेल्या ब्रिटिश चमूतले हे गृहस्थ. डोंगरावरच्या शर्यती थांबल्या नाहीत. 2005 साली फ्रान्सच्या आल्प्समध्ये सँतोबाँ येथे नव्या पद्धतीची शर्यत झाली. सर्वांनी एकाच क्षणी रेषा ओलांडायची आणि जो प्रथम परत येईल तो विजेता, अशी घोड्यांच्या शर्यतीसारखी सोपी रीत. ती पोलंडच्या सेबास्तियान कावा यांनी जिंकली. 2010 च्या जानेवारीत याच मालिकेची अंतिम फेरी चिलीमध्ये सांतियागोजवळ आंदीजवर झाली. कावा हे पेशाने डॉक्टर. त्यांनी 2013 च्या डिसेंबरात नेपाळात पोखरा येथून ग्लायडरने अन्नपूर्णेच्या परिसरात उड्डाणे केली. हिमालयावरचा वारा या खेळाने अजून नुकताच कोठे चाखला आहे.

आणि तारा? स्वित्झर्लंडमध्येच 2004 साली एक छोटे यंत्र तयार करणारी संस्था निघाली. मुळात ते दोन ग्लायडरे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून होते. प्रत्येक विमान आपली जागा व दिशा रेडिओने इतरांना कळवते आणि टक्कर संभवत असेल तर यंत्र ओरडते. त्याच यंत्रात पुढे डोंगरातल्या तारा, मनोरे आणि दोरवाटा यांची यादी भरण्याची सोय झाली. ही यादी कोणीतरी खोऱ्याखोऱ्यांतून गोळा करावी लागते आणि नवी तार पडली की दुरुस्त करावी लागते. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड येथे मोठ्या तारांवर रंगीत गोळेही टांगलेले दिसतात.

किट निकल्सन यांनी मरणापूर्वी बारा-तेरा वर्षे आधी लंडन ग्लायडिंग क्लबासाठी डन्स्टेबल येथे टेकडीच्या पायथ्याशी एक क्लबघर बांधले होते. लांबट, पांढरे, टेकडीकडे भरपूर खिडक्या, आत विमाने ठेवण्याची जागा. ब्रिटिश सरकारने ते जपण्यायोग्य वास्तूंच्या यादीत घातले आहे. क्लबाचे लोक आजही तेथेच जमतात, तेथेच चहा घेतात, आणि पश्चिमेचा वारा टेकडीवर आदळू लागला की विमाने बाहेर काढतात.